बोर्डावरचा तीन

तुम्ही खोटं लिहिलंत, साहेब.

तुमचं नाव मी इथे घेत नाही. ते तुमच्या चौकशी अहवालाच्या शेवटच्या पानावर आहे, सही-शिक्क्यासकट. मी बोलतोय ते पान तेवीसबद्दल. परिच्छेद चौथा. तो मला पाठ आहे: "कंत्राटी सफाई कामगार श्रीमती पार्बताबाई लोणारे यांनी अज्ञानातून व अंधश्रद्धेपोटी यंत्राच्या आरशावर कुंकू लावून हार घातल्याने यंत्र निकामी झाले व त्यामुळे फिटर देवराव निखाडे यांचा मृत्यू ओढवला."

एक वाक्य. त्या एका वाक्यात तुम्ही सुटलात, कंपनी सुटली, आमचे विभागप्रमुख बक्षी साहेब सुटले. अडकली ती एकटी बाई, जिला तो परिच्छेद वाचतासुद्धा येत नव्हता.

अकरा वर्षं झाली. आता त्या दिवसाचं मी सांगतो, कारण तिथे मी होतो, तुम्ही नव्हता.

खंडेनवमी होती. सकाळी नऊ वाजता देवराव निखाडे माझ्या टेबलासमोर उभा राहून नट आवळायचे दोन्ही पाने माझ्या नाकापुढे नाचवत होता.

"मारोत्या, पाहून घे. तेल लावून, पुसून, नवरदेवावानी केले दोघायले. तुयी मशीन आंघोळली का नाई?"

"माया मशीनले पाणी चालत नाई."

"बिनआंघोळीची हाये म्हणूनच दिवसभर डोळे वटारून पाह्यते आमच्याकडं."

देवराव फिटर होता. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, हातापायांनी दांडगा, आणि बोलायला लागला की शिफ्ट संपेपर्यंत थांबायचा नाही. माझं नाव मारोती पिंपळशेंडे. शिक्षण आयटीआय. काम मोजणी करणारी यंत्रं सांभाळायची. त्यातलं एक म्हणजे वायूवर नजर ठेवणारा लेसरचा डबा. आम्ही त्याला डोळा म्हणायचो.

आमचा कारखाना लोखंड वितळवणारा. भट्टीतून निघणारा वायू जाड नळातून पुढे जायचा आणि तो नळ ऐंशी मीटर लांब पत्र्याच्या शेडमधून जायचा. दोन टोकांना दोन दारं, मधे कुठे खिडकी नाही. त्या शेडला आम्ही बोगदा म्हणायचो. नळातल्या त्या वायूला रंग नाही, वास नाही. डोळेसुद्धा चुरचुरत नाहीत. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते, मग पाय जातात. बसल्या जागी माणूस संपतो आणि तोंडावर लाली असते, जणू आत्ताच कुठून पळत आलाय.

म्हणून बोगद्याच्या अलीकडच्या दाराजवळ तो लेसरचा डबा बसवला होता. पलीकडच्या टोकाला आरसा. डब्यातून किरण निघायचा, ऐंशी मीटर जायचा, आरशावर आपटून परत यायचा. वाटेत वायू किती आहे ते दर सेकंदाला मोजायचा आणि दाराबाहेरच्या मोठ्या बोर्डावर लाल आकडा दाखवायचा. दहा लाख भाग हवेत वायूचे किती भाग, तो आकडा. दोन, चार, तीन, पाच म्हणजे ठीक. पन्नासच्या वर गेला की भोंगा. आत जाणाऱ्याने बोर्डाकडे पाहायचं आणि मग पाय टाकायचा, हा नियम.

डबा बसायच्या आधी प्रत्येक फिटरच्या खिशाला तळहाताएवढी एक डबी असायची. वायू वाढला की ती खिशात चिवचिवायची. लेसर आला आणि बक्षी साहेबांनी त्या सगळ्या डब्या गोळा करून कपाटात ठेवल्या. "एवढं मोठं यंत्र आणलंय, आता खिशातली खेळणी कशाला?" असं म्हणाले.

तो आरसा पुसायचं काम पार्बतामावशीचं होतं.

आरसा म्हणजे तोंड पाहायचा नव्हे. जेवणाच्या ताटलीएवढा, आत शेकडो लहान तिकोनी काचा, मधाच्या पोळ्यासारख्या. त्यावर रोज भट्टीची धूळ बसायची. पहिल्याच आठवड्यात मी मावशीला शिकवलं होतं. फडकं मऊ पाहिजे, पाणी बाटलीतलंच घ्यायचं, गोल गोल घासायचं नाही, वरून खाली एकदाच ओढायचं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हा कायले पाह्यजे, ते त सांगा. नुसतं पुस म्हटलं त माणूस कसंबी पुसते."

मी सांगितलं. प्रत्येक वायू उजेडातला एकच ठरलेला रंग खातो, दुसऱ्या रंगाला तोंड लावत नाही. आपण नेमका तोच रंग सोडायचा, डोळ्याला न दिसणारा. परत आला तेव्हा किती कमी झाला ते मोजायचं.

मावशीने थोडा विचार केला. "म्हंजे ताट वाढून पाठवाचं, अन् वापस आल्यावर पाहाचं, किती जेवलं."

"अस्संच."

"अन् कोण जेवलं ते?"

"ताटात एकच पदार्थ हाये ना मावशी. तो खाणारा एकच."

तिला ते फार आवडलं. मोठमोठ्या साहेबांना मी तेच समजावलं होतं, त्यांनी नुसत्या माना हलवल्या. तिला समजलं. त्या दिवसापासून आरशाचं फडकं ती घरी नेऊन वेगळं धुवायची, वेगळ्या दोरीवर वाळवायची. घरच्या कोणाला हात लावू द्यायची नाही. तुमच्या अहवालातलं अज्ञान ते हेच.

तर त्या दिवशी अकराच्या सुमाराला सगळीकडे पूजा सुरू होती. आमच्याकडे खंडेनवमीला ज्याने त्याने आपलं हत्यार पुजायचं. फिटर पाने पुजतो, वेल्डर आपला टॉर्च पुजतो, ड्रायव्हर गाडी. मी शिडीवर चढून लेसरच्या डब्याला आंब्याची डहाळी बांधत होतो. डब्याच्या काचेपासून वीतभर दूर, कारण काच झाकली की किरण अडतो हे मला माहीत होतं. पार्बतामावशी हातात ताट घेऊन आली. हळद, कुंकू, तेलाची वाटी, झेंडूचा एक हार. लुगडं नवं नव्हतं, पण इस्त्रीचं होतं.

"सगळे हत्यारं पुजून रायले जी," ती म्हणाली. "मावालं हत्यार त तो आरसा हाये."

"झाडू नाई का?" देवराव खालून ओरडला.

"झाडू घरी पुजला. तुमी आपले पाने पाहा, देवरावभाऊ. मागच्या साली कुंकू लावलं अन् दुसऱ्याच दिवशी हरपले."

देवराव हसला. मीही हसलो. मग तिने मला शिडीखालून एक विचारलं, मी शिडीवरून उत्तर दिलं. दोन वाक्यांचं बोलणं. ती ताट घेऊन पलीकडच्या दाराकडे गेली. ती दोन वाक्यं मी आत्ता लिहीत नाही. ती मागाहून येतील.

बारा वाजता मी रजिस्टरात तासाची नोंद केली. बोर्डावर आकडा होता तीन. मी तीन लिहिलं.

एक वाजता बुंदी आणि चिवडा वाटला. भट्टी सणाला थांबत नाही, पण माणसं जरा सैल होतात. बक्षी साहेब येऊन सगळ्यांना शुभेच्छा देऊन गेले. मी बोर्डाकडे पाहिलं. तीन. लिहिलं.

आणि तेव्हापासून मला बरं वाटेना. काय होत होतं ते सांगता येत नव्हतं. घरून निघताना गॅस बंद केला की नाही, तसं काहीतरी. मी टेबलावरून उठायचो, डब्याकडे जाऊन यायचो. डब्यावरचा दिवा हिरवा. वायरी जागेवर. परत येऊन बसायचो. पुन्हा उठायचो. देवराव चिवडा खात बसला होता.

"काऊन बे, पायाले मुंग्या आल्या का?"

"काई नाई. काईतरी राह्यलं असं वाटून रायलं."

"बायकोनं काई आणाले सांगतलं असन. आठवून ठेव, नाईत रात्री जेवाले नाई भेटत."

दोन वाजता तीन. तीन वाजता तीन. दर वेळी मी बोर्डापुढे उभा राहून पाहत होतो, आणि तो शांतपणे माझ्याकडे पाहत होता. मी पाणी प्यायलो. डब्याच्या मागच्या वायरी पुन्हा एकदा हलवून पाहिल्या. बाहेर कुठे ढोल वाजत होता, त्याच्यावरसुद्धा मला राग आला. यंत्रांबरोबर दहा वर्षं काढलेल्या माणसाच्या अंगाला आधी कळतं, डोक्याला उशिरा. माझ्या डोक्याला फार उशिरा कळलं.

पावणेचारला देवराव ग्रीसची बंदूक घेऊन उठला. बोगद्यातल्या व्हॉल्व्हना ग्रीस द्यायचा त्याचा रोजचा फेरा होता. दारापाशी थांबला, नियमाप्रमाणे बोर्डाकडे पाहिलं.

"तीन," तो म्हणाला. "आज सणाचा दिवस, तुयी मशीन पण गरीब गाईवानी बसली. येतो."

त्याने आत पाय टाकला. त्याचे हे शब्द मी कितीदा ऐकलेत, तुम्हाला सांगून उपयोग नाही.

चार वाजता मी नोंद करायला रजिस्टर उघडलं. तीन लिहिलं आणि हात तिथेच थांबला. वर चार तीन होते. एकाखाली एक, माझ्याच अक्षरात. बारा, एक, दोन, तीन, चार. पाच वेळा तीन. मी मागचं पान उलटलं. कालचे आकडे: दोन, चार, तीन, पाच, दोन. परवाचे: चार, चार, दोन, सहा, तीन. असलं सरळ पान त्या रजिस्टरात माझ्या हाताने कधी लिहिलं गेलं नव्हतं. वाऱ्याची झुळूक आली, कुणी दार उघडलं, तरी तो आकडा हलायचा. आज पाच तास तो खिळा ठोकल्यासारखा होता.

मी खुर्ची पाडून धावलो. बोर्डावर तीन. दार ढकललं आणि ओरडलो, "देवराव!"

पत्र्याने माझाच आवाज परत दिला. बोगद्यात पुढे, पलीकडच्या दाराच्या बाजूला, नळाला टेकून तो बसलेला दिसला. मांडीवर ग्रीसची बंदूक, डोकं एका बाजूला. दुपारी झाडाखाली टेकतो तसा. त्याच्या डोक्यावर नळाचा एक जोड होता. त्याची पॅकिंग फाटून वायू गळत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

श्वासाचं नळकांडं ऑफिसात होतं. नियम असा की ते चढवल्याशिवाय आत जायचं नाही. ऑफिसात जाऊन येणं म्हणजे चार मिनिटं. मी बाहेरून वळसा घालून पलीकडच्या दाराकडे पळालो. तिथे पार्बतामावशी पायरीवर बसून आपला जेवणाचा डबा धूत होती.

"आत देवराव पडला!"

तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि माझ्या आधी आत शिरली. आम्ही श्वास धरून धावलो, बारा-पंधरा पावलं असतील. मी खांदे धरले, तिने पाय. शंभर किलोंचा माणूस. अर्ध्यावर माझा श्वास सुटला, डोक्यात घण बसल्यासारखं झालं. मावशी बोळ्याआडून "हं, हं" करत ओढत होती, तेवढंच ऐकू येत होतं. कसे बाहेर आलो ठाऊक नाही. त्याला जमिनीवर टाकलं आणि ती बाजूला जाऊन ओकायला लागली.

देवरावच्या तोंडावर लाली होती.

बाकीची माणसं पळत येत होती. मी मात्र वळलो, कारण दाराच्या आतच, हाताच्या अंतरावर, तो आरसा होता. त्यावर झेंडूचा हार. हाराखाली काचेवर तेलात कालवलेल्या कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, सुबक, चारी टोकं सारखी. मी हार ओढून तोडला आणि बाहीने ते कुंकू खरडून काढलं.

ऐंशी मीटरवर, दुसऱ्या टोकाला, भोंगा बोंबलायला लागला. नंतर लोकांनी सांगितलं की बोर्ड तीनवरून एकदम चारशे साठवर गेला. पाच तासांनी त्याला वाचा फुटली होती.

मावशी जमिनीवर बसूनच त्या आवाजाकडे पाहत होती. मग माझ्या बाहीकडे पाहिलं. तिथे लाल डाग होता.

दवाखान्यात पोचायच्या आधीच देवराव गेला होता.

आता तुमच्याकडे येतो, साहेब. पाचव्या दिवशी तुम्ही आलात. गेस्ट हाउसच्या खोलीत टेबल, तुम्ही मधे, बक्षी साहेब तुमच्या शेजारी चहात साखर ढवळत. चौकशी ज्याची करायची तो चौकशी करणाऱ्याच्या शेजारी बसला होता. मला खुर्ची नव्हती. तुमच्यासमोर एक लांब कागद होता. यंत्राच्या पोटात स्वतःची एक डायरी असते, तिच्यातून काढलेला तो कागद. मीच काढून दिला होता. त्यावर काय होतं ते मला माहीत होतं. तुम्ही बोट फिरवत खाली आलात आणि एका ओळीवर थांबलात. पेन्सिल घेतली. त्या ओळीखाली रेघ मारलीत. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ? मला वाटतं दहा सेकंद. दहा सेकंद फार असतात.

"तुम्ही पिंपळशेंडे?"

"हो साहेब."

"आरशावर कुंकू होतं?"

"होतं."

"हारसुद्धा?"

"हो."

"कुणी घातला?"

"पार्बताबाईंनी."

चमचा थांबला. बक्षी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कपाकडे पाहिलं.

"आणखी काही सांगायचंय?" तुम्ही विचारलंत.

"नाही साहेब."

माझ्यामागून तिला बोलावलं. तीन मिनिटांत ती बाहेर आली.

"काय इचारलं मावशी?"

"कुंकू लावलं का, म्हणे. मी म्हटलं, हो. खोटं कायले बोलू." मग माझ्याकडे पाहत राहिली. "अजून काई इचारतीन म्हणून थांबली होती. नाई इचारलं."

तिला कामावरून काढलं. आरसा पुसायला दुसरी बाई आली, तिला कोणी काही समजावून सांगितलं नाही.

पण त्याहून वाईट पुढे घडलं. त्या जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, आमच्याच वस्तीत. पार्बतामावशीचा नवरा जिवंत, पोरं मोठी, दर वर्षी सगळ्या बायका आधी तिच्याकडून कुंकू लावून घ्यायच्या. माझी बायको कुसुम घरी आली, वाणाचा डबा ठेवला आणि म्हणाली, "आज पार्बताबाई आली होती. ताटाजवळ गेली, बोट कुंकवात बुडवलं, अन् कोणीच कपाळ पुढं केलं नाई. बाजूच्या दारात उभ्या देवरावच्या बायकोनं त तोंडच फिरवलं. म्हणे, ह्या बोटानं माया नवरा खाल्ला."

"मग?"

"मग काय. बोट पदराले पुसलं अन् गेली घरी."

"तू?"

कुसुमने खाली पाहिलं. "मी एकटी कशी पुढं होऊ?"

मी जेवत होतो. मी जेवत राहिलो.

आता त्या ओळीचं, जिच्याखाली तुम्ही रेघ मारलीत.

पहिल्या वर्षी तो बोर्ड दिवसातून चार-पाचदा बोंबलायचा. वायूमुळे नव्हे. आरशावर धूळ आली, कुणी मधे उभा राहिला, वाफ आली, की किरण अडायचा. किरण अडला की बोर्डावर आकडा जायचा, चार आडव्या रेघा यायच्या आणि भोंगा वाजायचा. अर्थ एवढाच की मला दिसत नाही, मला पाहू द्या. प्रत्येक वेळी माणसं बाहेर, काम बंद. फेब्रुवारीत बक्षी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पिंपळशेंडे, ही रोजची बोंब बंद करता येईल का?"

"येते साहेब. आत एक सेटिंग हाये. किरण अडला त शेवटचा आकडा धरून ठेवाचा, असं सांगता येते. पण मग किरण अडला हे बाहेर कोणाले समजणार नाई."

"बाई रोज पुसते ना आरसा? मग अडेल कशाला?"

"लिहून द्यान का साहेब?"

ते हसले. "अरे, एवढ्याशा गोष्टीला काय लिहून? तुझ्याशिवाय इथे ते पुस्तक वाचलंय कोणी?"

ते खरं होतं. तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक मी एकट्याने, शब्दकोश मांडीवर घेऊन, रोज दोन पानं करत वाचलं होतं. इंजिनियर लोकांनी त्याचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. त्या एका वाक्याने मी फुगलो. पाच मिनिटांत सेटिंग केलं. माझ्याच पासवर्डने. साहेब "शाब्बास" म्हणाले. भोंगा गप्प झाला आणि सगळ्यांना बरं वाटलं. रोज ओरडणारी वस्तू गप्प झाली की माणूस तिला विसरतो. मी विसरलो. आठ महिन्यांत पार विसरलो.

आणि आता ती दोन वाक्यं.

खंडेनवमीला मी शिडीवर होतो, पार्बतामावशी ताट घेऊन खाली. तिने विचारलं होतं, "मारोतीभाऊ, काचेले लावू का खाली लोखंडाले? तुमी सांगतलं होतं, काचेले काई लागू द्याचं नाई."

विचारलं होतं तिने. साहेब, ऐकताय ना? जी बाई तुम्ही अज्ञानी लिहिलीत, त्या सबंध कारखान्यात त्या दिवशी हा प्रश्न तिला एकटीला पडला होता.

आणि मी, पुस्तक वाचलेला माणूस, हातातली डहाळी न सोडता म्हणालो, "लावा ना मावशी काचेले. सणाचा दिवस हाये. किरण अडला त बोर्डच बोंबलन, मग पुसून टाकू."

बोर्ड बोंबलणार नव्हता. त्याचं तोंड मीच बांधलं होतं.

अकरा बावीसला किरण अडला. यंत्राच्या डायरीत तसं लिहिलंय: किरण अडला, शेवटचा आकडा धरला. शेवटचा आकडा तीन होता.

मागच्या महिन्यात मी तिच्या घरी गेलो. मी आता ती नोकरी सोडलीय, बक्षी साहेब बढती घेऊन कुठल्या कुठे गेलेत. ती ओट्यावर तूर पाखडत होती. डोळ्याला कमी दिसतं, पण चालण्याच्या आवाजावरून ओळखलं.

"बसा जी. चहा मांडू?"

"नाई मावशी. एक सांगाचं हाये." आणि सांगितलं. सेटिंगचं. बक्षी साहेबांचं. सगळं. सुपाचा आवाज मधेच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

"ते मले मालूम नव्हतं," ती म्हणाली. "मशीनचं मले काय मालूम. मले एवढंच मालूम होतं का मी तुमाले इचारलं होतं."

"कोणाले सांगतलं नाई तुमी?"

"नाई."

"काऊन?"

"तुमी सांगान म्हणून." तिने सूप बाजूला ठेवलं. "मोठ्या साहेबानं मले इचारलं तवा मनात आलं, सांगून टाकावं. मग म्हटलं, आत मारोतीभाऊ जाऊन आले. त्यायनं सांगतलंच असन. मग त्या वर्साच्या संक्रांतीले म्हटलं, आता सांगतीन. मग दुसऱ्या संक्रांतीले. अकरा संक्रांती झाल्या जी."

मी ओट्यावर सांडलेले तुरीचे दाणे वेचायला लागलो.

"देवरावच्या घरी सांगतलं का?" तिने विचारलं.

"आत्ता तिकडंच चाललो."

"मंग जा. माया घरी बसून काय फायदा."

मी गेलो. देवरावच्या बायकोने ऐकून घेतलं, दार लावून घेतलं, आणि आतून तिचं रडणं बराच वेळ ऐकू आलं. त्या दाराला मी लायक होतो. परवा ती पार्बतामावशीच्या ओट्यावर गेली होती म्हणतात. काय बोलल्या ते मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क माझा नाही.

माझ्याकडे त्या लांब कागदाची दुसरी प्रत आहे, साहेब. तुम्हाला दिली ती पहिली. दुसरी मी अकरा वर्षं ट्रंकेत ठेवली, भित्र्यासारखी. फेब्रुवारीची तारीख तिच्यावर आहे, माझा पासवर्ड आहे, सेटिंग बदलल्याची ओळ आहे. तुमच्या प्रतीवर त्याच ओळीखाली तुमच्या पेन्सिलीची रेघ आहे. एकेचाळीस पानांच्या अहवालात मात्र ती ओळ कुठेच नाही. मी पानपान तपासलं.

तुम्ही ती वाचली होती. तुम्हाला ती समजली होती, म्हणूनच रेघ मारलीत. मग मान वर केलीत, दहा सेकंद माझ्याकडे पाहिलंत, आणि मला कुंकवाचं विचारलंत.

मी का गप्प बसलो ते मी इथे लिहिलंय. नोकरी होती, भीती होती, आणि पुस्तक वाचल्याची घमेंड होती. माझ्या नावासकट लिहिलंय. आता तुम्ही सांगा. त्या दहा सेकंदांत तुम्ही काय ठरवलंत? सेटिंग कुणी बदललं, कुणाच्या सांगण्यावरून, तो दुसरा प्रश्न मला का विचारला नाहीत?